राज्य कशावर उभं होतं, ते आधी ठरवा

फोंडा तालुक्यातल्या एका तरुण लेखकाचा प्रश्न आलाय. त्यांच्या कादंबरीत रत्नवेळ नावाचं किनाऱ्यावरचं राज्य आहे. आदिराणीने एक दैवी शंख फुंकला, समुद्र मागे सरला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर राज्य वसलं. सात पिढ्या भरभराट झाली. आठव्या पिढीत उत्तरेकडून काळसेना चालून येते, एक मंत्री फितूर होतो, मध्यरात्री वेशीचा दरवाजा उघडला जातो आणि राजधानी पडते. ज्यांनी हस्तलिखित वाचलं ते म्हणाले, शेवट उरकल्यासारखा वाटतो. लेखकाने लढाईची आणखी काही प्रकरणं घातली, तरी तक्रार तीच राहिली. आता ते विचारतात: इंग्रज लेखक टोल्किनचं नुमेनॉर हे बेटावरचं राज्य एका दिवसात समुद्राच्या पोटात जातं आणि तरी पटतं, माझं राज्य का पटत नाही?

मी कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासण्याचं काम करते, आणि अद्भुत कादंबऱ्यांत हीच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं राज्य शंखामुळे उभं राहिलं आणि फितुरीमुळे पडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. शंखाच्या जागी परीस असता, कामधेनू असती, तरी शेवट हाच राहिला असता. वाचकाला हेच खटकतं. त्याला ते नेमकं सांगता येत नाही, म्हणून तो ‘उरकलं’ म्हणतो. लढाई लांबवून हे सुटणार नाही, पहिल्या प्रकरणात हात घालावा लागेल.

आता नुमेनॉर. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॉर्गॉथ नावाच्या पहिल्या महाशत्रूविरुद्ध एल्फांच्या, म्हणजे अमर लोकांच्या, बाजूने लढलेल्या माणसांना वालारांनी, म्हणजे त्या जगाची राखण करणाऱ्या देवतांनी, समुद्रातून एक बेट वर काढून बक्षीस दिलं. परशुरामाने बाण मारला, समुद्र हटला आणि बाण पडला तिथे बाणावली वसली, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या गोवेकराला यात काही परकं वाटायला नको. दुसऱ्या युगाच्या ३२व्या वर्षी माणसं त्या बेटावर पोचली. पहिला राजा एल्रोस ५०० वर्षं जगला आणि त्यातली ४१० वर्षं त्याने राज्य केलं. प्रजेलाही इतर माणसांपेक्षा कितीतरी लांब आयुष्य मिळालं. अट एकच होती: पश्चिमेकडे, आपला किनारा नजरेआड होईल इतक्या लांब गलबत न्यायचं नाही. त्या दिशेला अमरांचा देश होता.

या देणगीत पुढचं सगळं आलं. चहूकडून समुद्र असलेल्या बेटावरची माणसं गलबतं बांधणारच. गलबतं बांधणारे लांब जाणारच, आणि सगळीकडे जाऊन आलेल्यांना एकाच दिशेला मनाई असेल तर ती दिशा त्यांना झोपू देणार नाही. दुसरीकडे, ज्याला आयुष्य भरभरून मिळालं त्याला ते संपण्याची भीती जास्त. लेखकाने बाहेरून काहीही आणलेलं नाही. पहिल्या दोन पानांत जे दिलं तेच पुढे तीन हजारांहून जास्त वर्षं वाढू दिलं आणि ३३१९ साली बुडवलं.

मधली वर्षं कशी भरली आहेत ते फार शिकण्यासारखं आहे. ६००व्या वर्षी त्यांचं पहिलं गलबत मध्य-भूमीच्या, म्हणजे पूर्वेकडच्या मोठ्या भूखंडाच्या, किनाऱ्याला लागतं. सुरुवातीला हे खलाशी तिथल्या माणसांचे हितचिंतक असतात, त्यांना शेती शिकवतात, कसब शिकवतात. मग सहावा राजा तार-अल्दारिओन येतो. त्याला गलबतांचं वेड. तो आपल्या बेटावर लाकडासाठी झाडं लावतो, पण तेवढी पुरत नाहीत, म्हणून समुद्रापलीकडे ग्वाथलो नदीच्या दोन्ही काठांवरची जंगलं तोडायला सुरुवात होते. तिथले लोक आधी वैरी नव्हते. जंगल गेलं तसे ते वैरी झाले. १८००च्या सुमारास याच खलाशांच्या वारसांनी किनाऱ्यांवर सत्ता बसवायला आणि खंडणी उकळायला सुरुवात केली. गलबत तेच, समुद्र तोच, पण आता येताना ते भरून येतं.

मला त्या कथेतलं सर्वांत भेदक स्थळ मात्र युद्धाचं नाही, बुडण्याचंही नाही. नुमेनॉरच्या राजांची एक रीत होती. म्हातारपण अंगावर येण्याआधी, शुद्धीत असताना, राजा राजदंड मुलाच्या हातात द्यायचा आणि मग आपल्या इच्छेने प्राण सोडायचा. मरण ही त्यांना मिळालेली देणगी होती, आणि ती हसत घेता येणं हे राजेपणाचं लक्षण होतं. मग तार-अतानामिर नावाचा राजा येतो. तो मनाईविरुद्ध उघड बोलतो, समजवायला आलेल्या वालारांच्या दूतांना उडवून लावतो. आणि म्हातारा झाल्यावर तो राजदंड देत नाही. बुद्धी फिरते, शरीर साथ सोडतं, मुलाची ऐन उमेद निघून जाते, तरी तो सिंहासनाला चिकटून राहतो. त्याच्याआधी असं कोणी केलं नव्हतं. बस, घडतं एवढंच. कोणी कोणावर तलवार उगारलेली नाही. राज्य बुडायला अजून हजाराहून जास्त वर्षं आहेत, पण वाचकाला तिथेच कळतं की हे आता सावरणार नाही.

तुमच्या सात पिढ्यांत असं एकही स्थळ नाही. त्या पिढ्या तुम्ही दीड पानात ‘सुखासमाधानात गेल्या’ म्हणून संपवल्या आहेत. कादंबरी तिथेच निसटली.

आता शत्रूबद्दल. शेवटचा राजा आर-फाराझोन आपल्या चुलतबहिणीशी, म्हणजे खऱ्या वारसदार मिरिएलशी, तिच्या मनाविरुद्ध लग्न करून राजदंड बळकावतो आणि सौरॉनवर, म्हणजे मॉर्गॉथच्या जुन्या हस्तकावर, चालून जातो. त्याचं बळ पाहून सौरॉनचं सैन्य पळतं, सौरॉन मुकाट शरण येतो. त्याला कैदी म्हणून बेटावर आणतात. तीन वर्षांत तो राजाचा सर्वांत जवळचा सल्लागार होतो. मग मंदिर बांधलं जातं, पांढरा वृक्ष निम्लोथ तोडून त्याचं लाकूड तिथल्या पहिल्या होमात जाळलं जातं, माणसांचे बळी सुरू होतात. या सौरॉनने नवीन असं काय पेरलं? ‘मरण ही शिक्षा आहे, आणि ती मोडून काढता येते’ एवढंच तो सांगतो. अतानामिरच्या काळापासून बहुतेक राजांच्या मनात हेच होतं. शत्रू जिंकतो तो घरच्यांना जे ऐकायचं होतं ते मोठ्याने बोलून.

तुमचा फितूर मंत्री याच्या अगदी उलट आहे. तो कोणाला काही सांगत नाही, फक्त कडी काढतो. जत्रेच्या नाटकांत तिसऱ्या अंकाला येणारा फितूर आपण सगळ्यांनी पाहिलाय आणि त्याच्यावर चिडून हुर्यो घातलाय. रंगमंचावर तो चालतो, कारण नट समोर असतो आणि दोन तासांत निकाल लावायचा असतो. कादंबरीत वाचक त्याच्याबरोबर कितीतरी दिवस राहतो. तो विचारणार: हा असा का वागला? त्याला कोणी दुखावलं? आणि वेशीचा पहारा एका माणसाने कडी काढण्याइतका ढिला कधीपासून होता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर तुम्हाला बहुतेक मंत्र्याची गरजच उरणार नाही.

आपल्याकडेच याहून जुना नमुना आहे, महाभारतातल्या मौसलपर्वाचा. भारतीय युद्धाला ३६ वर्षं झाली आहेत. यादव पोरं कृष्णाच्या मुलाला, सांबाला, बाईचा वेष चढवून ऋषींची थट्टा करतात, ‘हिला काय होईल?’ म्हणून विचारतात, आणि शाप मिळतो: लोखंडाचं मुसळ होईल, तेच कुळाचा नाश करील. मुसळ खरंच जन्माला येतं. तेव्हा यादव काय करतात हे मुद्दाम वाचा. ते हात जोडून बसत नाहीत. मुसळाचं चूर्ण करून समुद्रात टाकतात. नगरात दवंडी पिटतात की आजपासून कोणी मद्य गाळायचं नाही, गाळलं तर कुटुंबासकट सुळावर चढवू. राज्यकर्ते म्हणून त्यांनी करण्यासारखं सगळं केलं. आणि तरी प्रभासला तीर्थयात्रेला गेल्यावर तिथेच दारू निघते, अठरा दिवसांच्या युद्धातली उणीदुणी निघतात, सात्यकी आणि कृतवर्मा एकमेकांना झोपलेल्या मुलांच्या आणि प्रायोपवेशनाला बसलेल्या भूरिश्रव्याच्या वधाची आठवण करून देतात, आणि हाताला येईल ते उपटून मारामारी सुरू होते. हाताला येते ती किनाऱ्यावरची एरका, लव्हाळ्यासारखी वाढणारी गवताची पाती. उपटताच ती मुसळं होतात. बाहेरचा एक सैनिक तिथे नाही. नंतर अर्जुन उरलेल्यांना घेऊन द्वारकेबाहेर पडतो आणि मागून समुद्र नगरात शिरतो. वाटेत आभीर काठ्या घेऊन लुटायला येतात, आणि कुरुक्षेत्र गाजवलेल्या अर्जुनाला गांडिवाला प्रत्यंचा चढवताना नाकी नऊ येतात.

समुद्राने गिळलेलं नगर दोन्हीकडे आहे, नुमेनॉरमध्ये आणि द्वारकेत. पण वाचणाऱ्याचा जीव लाटेपेक्षा गवतात आणि धनुष्यात जास्त अडकतो, कारण त्या दोन्ही गोष्टी आधीपासून कथेत होत्या. भांडणाचा मुद्दाही कोणी नवा काढलेला नाही. ३६ वर्षं तो तसाच पडून होता.

आता तुमच्या प्रदेशाकडे या. तुम्ही समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीवर राज्य वसवलंय आणि राहता गोव्यात, म्हणजे अशी जमीन प्रत्यक्ष बघायला तुम्हाला लांब जायला नको. दिवाडीला जा, चोडणला जा, एखादं चांगल्या अवस्थेतलं खाजण, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली शेतजमीन, धरा आणि बांधावरून सावकाश चाला. बाहेरच्या अंगाला खाडीचं खारं पाणी, आतल्या अंगाला भातशेती, आणि भरतीच्या वेळी पाणी शेताच्या पातळीपेक्षा वर चढलेलं. मधे फक्त चिखल, पेंढा आणि जांभा दगड. मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजाजवळ, थांबा. तिची लाकडी दारं भरतीच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. कोणी हात लावायची गरज नाही. बघणाऱ्याला वाटतं, हे आपलं आपण चालतं.

पण ते आपलं आपण चालत नाही. कुर्ल्या बांधात बिळं करतात. घुशी करतात. वितभर बिळातून एका भरतीला थोडं पाणी झिरपतं, पुढच्या उधाणाला माती सुटते, आणि वेळेत चिखल थापला नाही तर भगदाड पडतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पीक तर जातंच, पण पुढचे काही पावसाळे जमिनीतलं मीठ धुऊन निघायची वाट बघावी लागते. म्हणून गावकारीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळण्याच्या, व्यवस्थेत बांधावर नजर ठेवणं, माणसं काढणं, खर्च वाटून घेणं हे ठरलेलं होतं. आणि मानशीवर मासे मिळतात, त्यांचा लिलाव होतो, म्हणून तिथेच गावातली भांडणंही होतात. मानस घेणाऱ्याला आत जास्त खारं पाणी हवं, कारण त्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात. शेतकऱ्याला ते नको, कारण खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या कोरगुट भातालाही काही मर्यादा आहे. दोघेही त्याच गावचे, दोघांचंही म्हणणं पोटाचं.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? कारण तुमच्या रत्नवेळमध्ये बांध नाहीत. एवढी जमीन समुद्राकडून घेतलीय आणि एकाही प्रकरणात कोणाच्या पायाला चिखल लागलेला नाही. शंखाने एकदा समुद्र हटवला आणि तो सात पिढ्या मुकाट हटून राहिला. जादू इतकी फुकट असली की तिच्या जिवावर उभ्या राहिलेल्या राज्याला वजनच येत नाही.

मी असते तर असं करून बघितलं असतं. शंख एकदा फुंकून भागत नाही. दर अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला फुंकावा लागतो. फुंकणारं एक घराणं आहे. आदिराणीच्या काळात शंखावर पूर्ण भरवसा कोणाचाच नव्हता, म्हणून तिने बांधही घालून घेतले. शंख समुद्राला रोखायचा, बांध उरलेल्या पाण्याला. पहिल्या दोन पिढ्या लोक दोन्ही सांभाळतात. तिसऱ्या पिढीत लक्षात येतं की शंख चुकत नाही. मग बांधाच्या कामाला माणसं का काढायची? ती गलबतांवर पाठवा, व्यापार वाढेल. व्यापार खरंच वाढतो. हा निर्णय घेणारा राजा चांगला असू द्या, लोकप्रिय असू द्या, त्याच्या नावाने गाणी असू द्यात. त्याने प्रजेचं कष्टाचं काम कमी केलं. लोक त्याला दुवा देणारच.

चौथ्या-पाचव्या पिढीत बांधाला चिखल कसा थापायचा, हे माहीत असलेली शेवटची माणसं मरतात. याची कुठे नोंद होत नाही. सहाव्या पिढीत शंख राजधानीत आणतात, कारण राजाला तो उत्सवात रथावर मिरवायचाय. फुंकणारं घराणं किनाऱ्यावरच्या गावातलं, त्यांना राजधानीत घर मिळतं, मान मिळतो, आणि समुद्र नजरेआड होतो. आता ते पंचांग बघून फुंकतात. सातव्या पिढीत त्या घराण्यात वारसाचा तंटा होतो, दोन भाऊ, आणि दरबार त्यातल्या गोड बोलणाऱ्याची बाजू घेतो. दुसरा किनाऱ्यावर परत जातो आणि त्याला बांधातली बिळं दिसतात. त्याचं ऐकायला कोणाला वेळ नाही, कारण ऐकायचं तर सगळी माणसं गलबतांवरून परत आणावी लागतील आणि तिसऱ्या पिढीच्या त्या लाडक्या राजाचं चुकलं असं म्हणावं लागेल.

यात एकही खलनायक नाही, आणि काळसेना अजून उत्तरेच्या डोंगरापलीकडेच आहे. पण राज्य पडलंय. जादूच्या प्रत्येक राज्याला हा प्रश्न विचारून बघा: जादूमुळे लोकांनी कोणतं काम सोडून दिलं? जिथे ते काम सोडलं, तिथे तुमचं पतन सुरू होतं.

पतनाला पायऱ्या लागतात, आणि त्या एकाच कारणाच्या नसाव्या लागतात. टोल्किनने नुमेनॉरच्या वारसांचं गोंडोर असं उतरवलंय. तिसऱ्या युगात १४३२ ते १४४८ या काळात गादीवरून भाऊबंदकीचं युद्ध होतं. राजाची आई परदेशी, म्हणून त्याचं रक्त शुद्ध नाही, हा बंडखोरांचा मुद्दा. त्यात ओस्गिलियाथ ही राजधानी जळते. मग १६३६ला महामारी येते. तिने माणसं तर जातातच, पण तिचा खरा घाव वेगळा आहे: मॉर्डोरच्या, म्हणजे सौरॉनच्या मुलखाच्या, सीमेवरच्या चौक्यांत ठेवायला माणसं उरत नाहीत, पहारा सुटतो. पुढे त्याच बाजूने शत्रू आत येतो आणि २००२ साली मिनास इथिल हे सीमेवरचं ठाणं जातं. साथ आणि स्वारी यांच्यामध्ये साडेतीनशेहून जास्त वर्षं आहेत, पण एक दुसरीशी बांधलेली आहे. सुटलेला पहारा ही ती गाठ.

आपलं जुनं गोवंही असंच पायऱ्यापायऱ्यांनी उतरलं. पोर्तुगीजांनी ते १५१०मध्ये घेतलं आणि १५३०मध्ये त्यांच्या पूर्वेकडच्या सत्तेची राजधानी केलं. शहराची मोठी कमाई अरबी घोड्यांवर होती. घोडे होर्मुझकडून समुद्रमार्गे यायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे. १५६५मध्ये विजयनगर पडलं आणि इथल्या जकातीला फटका बसला. गोव्याच्या वेशीवर तेव्हा कोणी आलेलं नव्हतं. पडलं ते गिऱ्हाईक. पुढे १६२२मध्ये होर्मुझ हातचं गेलं, १६४१मध्ये मलाक्का, १६६३मध्ये कोची. डच गलबतं मांडवीच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करू लागली. आणि शहराच्या पोटात तापाच्या साथी सुरूच होत्या. माणसं आधी कडेच्या गावांत सरकली. १७५९मध्ये व्हिसेरॉयने पणजीत बस्तान हलवलं, आणि राजधानी म्हणून पणजीचं नाव कागदावर लागलं १८४३मध्ये. म्हणजे शहर रिकामं झाल्यावर कितीतरी वर्षांनी ते रिकामं झाल्याचा हुकूम निघाला. हा उशीर तुमच्या कादंबरीत वापरा. दरबारातले कारकून अजून शंखाच्या उत्सवाच्या खर्चाला मंजुरी देत असताना किनाऱ्यावरची गावं उठलेली असू शकतात.

सेंट ऑगस्टीनचा मनोरा बघून या, पण बघताना त्याचे टप्पे ध्यानात ठेवा. १८३५मध्ये धार्मिक संघ बंद केले, साधू गेले. १८४२मध्ये छत कोसळलं. दर्शनी भिंत पडली ती १९३१मध्ये. आज ४६ मीटर उंचीचा जो अर्धा मनोरा दिसतो, तो शंभर वर्षं हळूहळू पडत आलेल्या इमारतीचा उरलेला भाग आहे. कोणी तोफ डागली नव्हती. छत दुरुस्त करणारे गेले होते.

मग हे सगळं सांगायचं कोणाच्या तोंडून, हा प्रश्न येतो. तुम्ही राजकुमाराची नजर घेतली आहे, आणि सात पिढ्या एका राजकुमाराच्या नजरेत मावणार नाहीत. दोन वाटा आहेत. एक बखरीची: सगळं संपल्यावर कोणीतरी मागे वळून सांगतंय, त्यामुळे तो एका वाक्यात शंभर वर्षं ओलांडू शकतो आणि एका संध्याकाळीवर वीस पानं थांबू शकतो. नुमेनॉरची कथा अशीच सांगितली आहे, बुडण्यातून बचावलेल्यांच्या वंशजांच्या स्मरणातून. मराठीला बखरीचा सूर चांगला जमतो, तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे, त्याला घाबरू नका. दुसरी वाट घराण्याची: शंख फुंकणाऱ्यांच्या पिढ्या एकेक करून घ्यायच्या आणि राजे त्यांच्या बोलण्यातून दिसू द्यायचे. तुमच्या लिखाणात बायकांचे संवाद फार चांगले उतरलेत, विशेषतः राजकुमाराच्या आजीचे. ती आजी फुंकणाऱ्या घरातली करा. दुसऱ्या वाटेने तुम्हाला जास्त यश येईल असं मला वाटतं.

उरलं काय, यावरही तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही. राजधानी जळते आणि पुस्तक संपतं. नुमेनॉर बुडतं तेव्हा वालारांशी एकनिष्ठ राहिलेल्यांचा पुढारी एलेन्दिल आणि त्याचे मुलगे नऊ गलबतं घेऊन निसटतात, आणि त्यांच्याबरोबर एक रोप असतं. निम्लोथ तोडला जाण्याआधी एलेन्दिलच्या मुलाने, इसिल्दुरने, रात्री वेष बदलून, पहारेकऱ्यांच्या जखमा अंगावर घेऊन, त्याचं एक फळ चोरलेलं होतं. पुढच्या राज्यांची सगळी कथा त्या चोरीतून उगवते. रत्नवेळमधून कोणी काय उचलून नेलं? शंख नको, तो फार सोपा होईल. मी किनाऱ्यावर परत गेलेल्या त्या दुसऱ्या भावाला विचारेन. त्याने म्हाताऱ्यांना विचारत, चुकत, चिखल थापायचं काम पुन्हा शिकून घेतलं असेल.

अवशेष कुठे टिकतात तेही आपल्याकडे दिसतं. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंबांची राजधानी आधी चंद्रपुरात होती, म्हणजे आजच्या चांदरला. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीने ती झुवारीच्या काठी गोपकपट्टणाला हलवली, कारण पैसा बंदरात होता. चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजांनी हा प्रदेश झोडपला. आज चांदरच्या कोटात जोत्याचे दगड आणि मुंडकं नसलेला नंदी आहे, आणि बंदराच्या वैभवाचं गोवा वेल्ह्यात फारसं काही दिसत नाही. शाबूत राहिलं ते तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ, घाटाच्या पायथ्याशी, रानात, राजधानीपासून लांब. तुमच्या राज्यातलंही जे टिकेल ते सिंहासनाजवळ असणार नाही. नकाशा काढलाच आहात, तर कोपऱ्यातलं एखादं आडगाव आत्ताच निवडून ठेवा आणि पहिल्या भागात कोणाला तरी तिथे एकदा जाऊन येऊ द्या.

शेवटी तुम्ही विचारलंय की काळसेना काढून टाकू का. काढू नका, एवढी मेहनत घेतली आहे आणि तिची वर्णनं जोरदार आहेत. पण तिला उशिरा आणा. ती डोंगर उतरते तेव्हा खालच्या शेतांत खारं पाणी आधीच शिरलेलं असू द्या, कोठारं अर्धी असू द्यात, आणि वेशीवरचा पहारा रिकामा असण्याचं कारण वाचकाला दोनशे पानांपूर्वीच माहीत असू द्या. मग दरवाजा कोणी उघडला हे शोधावं लागणार नाही. लढाईची वाढवलेली सगळी प्रकरणं काढा, मूळचं एक ठेवा. मोकळी झालेली पानं तिसऱ्या पिढीच्या त्या लोकप्रिय राजाला द्या आणि नवा मसुदा त्याच्यापासून सुरू करा: दरबार भरलाय, बांधाच्या कामातून माणसं मोकळी करण्याचा हुकूम वाचला जातोय, आणि सगळे टाळ्या वाजवतायत. तेवढं प्रकरण झालं की पाठवा, बाकीच्याचं मग बोलू.